‘चालत नाही’ म्हणजे नक्की काय?

परवा फोनवर तुमची आई म्हणाली, "धाकट्याला जरा बरं नाहीये," आणि मी ओरडले, "जरा म्हणजे किती? ताप मोजलास का? पाणी पितोय का?" पलीकडे तुम्ही दोघं हसलात, ते मला ऐकू आलं. हसा. पुण्याला बसून अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या आजीला हसणं सोपं आहे. पण आजी असं ओरडायला कुठे शिकली ते एकदा नीट लिहून ठेवते. लिहिताना माझा आवाज चढेल, तो चढू द्या. या गोष्टीचा राग माझा अजून उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

आमच्या इथल्या मराठी मंडळात एक गृहस्थ होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. ते माझ्याहून फार मोठे नव्हते, पण ज्याच्या पँटची इस्त्री रविवारीसुद्धा मोडत नाही त्या माणसाला दुसरं काय म्हणणार? मला ते वहिनी म्हणत. पत्रा कापायची आणि वाकवायची अजस्र यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्य काढलं होतं. यंत्रं ते बनवत नसत. यंत्रावर धोक्याची जी पट्टी चिकटवतात, तिच्यावर कुठला शब्द लिहायचा हे ठरवणं, हे त्यांचं काम.

"याला पगार देतात?" असं मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"हात तुटला की वकिलाला जास्त द्यावा लागतो, म्हणून आधी मला देतात," ते म्हणाले.

मग त्यांनी मला समजावलं. या देशात अशा पट्टीवर तीन शब्द चालतात, कॉशन, वॉर्निंग आणि डेंजर. कॉशन पिवळ्यात. म्हणजे लागेल, पण संध्याकाळी तुम्ही घरी जाल. वॉर्निंग केशरी. म्हणजे मरू शकाल. डेंजर लाल. म्हणजे मरालच. मी इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली बाई. हे तीन शब्द मी निबंधात आलटून पालटून वापरले असते, एकच शब्द पुन्हा पुन्हा नको म्हणून. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच कुणाचा तरी हात तोडलाय.

एकदा कारखान्यातल्या विक्रीवाल्यांनी त्यांना गाठलं. लाल पट्टी बघून गिऱ्हाईक बिचकतं, ती केशरी करा. काका म्हणाले, "यंत्र बदला, पट्टी आपोआप बदलेल. पट्टी यंत्राकडे बघून लिहितात, गिऱ्हाइकाकडे बघून नाही." विक्रीवाले त्यांच्याशी पुढे बोलेनासे झाले. काकांना त्याचं काहीच वाटलं नाही. लोक त्यांच्याशी बोलेनासे होणं हा त्यांच्या आयुष्याचा नियमच होता.

कारण माणूस असह्य होता, हे मी लपवणार नाही. जेवायला बोलावलं आणि "भाजी जरा तिखट झालीय हं" म्हटलं, की घास हातात तसाच धरून विचारणार, "तिखट, झणझणीत, की जाळ?"

"अहो, खाऊन बघा ना!"

"खाल्ल्यावर कळून काय उपयोग, वहिनी?"

कुणी म्हणालं, पाय मोडला होता पण आता बराच बरा आहे, की हे विचारणार, "बराच म्हणजे काठी सुटली का?" हॉलमध्ये कुणी "पाचच मिनिटांत कार्यक्रम सुरू करतोय" अशी घोषणा केली, की हे घड्याळ काढून उभे. गोड बोलणाऱ्या माणसांना त्यांच्यासमोर घाम फुटायचा. मलाही फुटायचा, आणि मग मी चिडायचे.

त्यांच्या बायकोला मात्र त्यांचं भारी कौतुक. ती सांगायची, "मला बघायला आले तेव्हा म्हणाले, पसंत आहात. मी विचारलं, म्हणजे आवडले का? तर म्हणतात कसे, ते एवढ्यात सांगता येणार नाही."

"मग कधी सांगितलं?"

"मुलगा कॉलेजात गेला तेव्हा."

ती गेली त्या सकाळी त्यांचा मला फोन आला. "वहिनी, ही मेली." एवढंच. मी रडत होते, पण माझ्या अंगाची आग झाली. त्यांच्या घरी पोचल्या पोचल्या मी त्यांना म्हणाले, "वारली म्हणता आलं नसतं तुम्हाला?"

"वारतात ते शेजारचे," ते म्हणाले. "ही मेली."



एकटे पडल्यावर ते मंडळाच्या स्वयंपाकघरात लुडबुड करायला लागले. मंडळाचे सण आम्ही एका शाळेचं कॅफेटेरिया भाड्यानं घेऊन करतो. प्रत्येक घरून एक भांडं येतं आणि लांब टेबलांवर ओळीनं मांडलं जातं. काकांनी पाहिलं, की कुठल्या भांड्यात काय आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. मग ते घरून रंगीत चिठ्ठ्या करून आणू लागले.

मराठीत तीन शब्द शोधायला त्यांना बरेच आठवडे लागले. रोज फोन. ‘सावधान’ त्यांनी पहिल्याच दिवशी बाद केला. "सावधान म्हटलं की आपले लोक अक्षता शोधतात." ‘काळजी घ्या’ हे निरोप देताना म्हणतात, म्हणून नको. ‘कृपया नोंद घ्यावी’ म्हटलं की कुणीही नोंद घेत नाही. शेवटी पिवळीवर ‘बेतानं’, केशरीवर ‘जपून’ असं ठरलं; लालला एक शब्द पुरेना, तिच्यावर अख्खं वाक्य. ठेच्याला पिवळी. तेलाच्या तापलेल्या कढईला केशरी. गुलाबजामला मधुमेहवाल्यांसाठी काही लिहा, असं कुणीतरी सुचवलं. काका म्हणाले, "ते त्यांना माहीत असतं. माहीत असून खातात, त्यांना मी काय लिहू?"

आणि लाल चिठ्ठी फक्त एका गोष्टीला. शेंगदाण्याला.

पोरांनो, तुम्ही पुण्यात वाढताय, म्हणून हे तुम्हाला विचित्र वाटेल. इथे वर्गावर्गात अशी मुलं आहेत ज्यांना शेंगदाण्याचा कण पोटात गेला तरी घसा सुजतो आणि श्वास बंद होतो. आणि आपण मराठी माणसं दाण्याचं कूट कशात घालत नाही ते सांगा. खिचडीत, वांग्यात, आमटीत, चटणीत, काकडीच्या कोशिंबिरीत. घालतो आणि विसरतो. कुणी विचारलं, यात नट्स आहेत का, तर आपण छातीवर हात ठेवून नाही म्हणतो, कारण नट्स म्हणजे काजूबदाम. कूट हे आपल्या लेखी मिठासारखं. ते काही पदार्थात मोजत नाहीत.

काकांनी लाल चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘दाणे आहेत. ज्याला दाण्याची अ‍ॅलर्जी आहे तो हे खाऊन मरेल.’

ती चिठ्ठी साबुदाण्याच्या खिचडीपुढे उभी केलेली पाहून आमच्या अध्यक्षबाईंचा चेहरा उतरला. बाई मनानं वाईट नाहीत. सगळ्यांना पोटभर वाढल्याशिवाय स्वतः जेवत नाहीत, आणि त्यांच्या आग्रहापुढे कुणाचं काही चालत नाही. पण त्या म्हणाल्या, "काका, सणासुदीला ‘मरेल’? लहान मुलं वाचतात."

"लहान मुलांसाठीच लिहिलंय."

"अहो, पण शब्द जरा सौम्य घ्या की!"

"दाणे सौम्य करता येतील का?"

चिठ्ठ्या गेल्या. पुढच्या कार्यक्रमाला, म्हणजे गुढीपाडव्याला, अध्यक्षबाईंनी स्वतः छापून आणलेली कार्डं होती, कडेला आंब्याची पानं काढलेली. खिचडीपुढच्या कार्डावर नक्षीदार अक्षरांत लिहिलं होतं, ‘दाणेयुक्त’.

काकांनी मला हाताला धरून तिथे नेलं. "वाचा. ही जाहिरात आहे, वहिनी. लोक दोनदा घेतील."

त्या दिवशी रांगेत एक नवी मुलगी होती. मुलगी म्हणजे एका सात वर्षांच्या लेकीची आई, पण माझ्या वयाला ती मुलगीच. नवऱ्याची नोकरी बदलली म्हणून जर्सी सिटीहून नुकती आलेली. बोलणं इतकं मऊ, की ऐकायला पुढे वाकावं लागे. कुणाला वाईट वाटू नये अशा बेतानं वाढवलेल्या मुली असतात, तशी. लेकीला पुढे धरून ती अध्यक्षबाईंना म्हणाली, "काकू, हिला दाणे चालत नाहीत हं."

चालत नाही. आता विचार करा, हे आपण कशाला म्हणतो. उपासाला कांदा चालत नाही. सासूबाईंना बाहेरचं चालत नाही. मुलाला कारलं चालत नाही. या सगळ्यांच्या ‘चालत नाही’ला आपण काय म्हणतो? "असू दे गं, एवढ्यानं काय होतंय!" आपल्याकडे ‘नको’ म्हणणं म्हणजे आग्रहाची सुरुवात. त्या मुलीला हे समजायला हवं होतं, असं नंतर पुष्कळांनी म्हटलं. त्यांचे चेहरे माझ्या लक्षात आहेत.

कोशिंबिरीशी आल्यावर तिनं पुन्हा विचारलं, "यात दाणे नाहीत ना?"

"छे गं, काकडी आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि त्यांनी पोरीच्या ताटात डावभर कोशिंबीर घातली. कोशिंबिरीला पाणी सुटलं होतं, ते आळावं म्हणून वाढायच्या आधी त्यांनीच तिच्यात कूट कालवलं होतं.

काका आणि मी पलीकडच्याच टेबलावर होतो. पोरगी दोन घास खाऊन थांबली. "मॉम, माय थ्रोट फील्स फनी," ती म्हणाली. शेजारचं कुणीतरी हसलं, फनी म्हणाली म्हणून. काका खुर्ची पाडून उठले. तोवर पोरीचे ओठ सुजायला लागले होते. आईनं पर्स उलटी केली, अशा वेळेसाठी बाळगलेलं इंजेक्शन तिच्यातून शोधलं आणि पोरीच्या मांडीत टोचलं.  मी अँब्युलन्ससाठी नाइन-वन-वन फिरवला. सगळा हॉल काय झालं बघायला भोवती गोळा झाला, दाराकडे जायला वाट राहिली नाही, तेव्हा काका ओरडले, "बाजूला व्हा! मुलगी मरतेय!"

आणि माझ्या कानाशी एक बाई म्हणाली, "शुभ बोला हो, सण आहे."

पोरीला श्वास घेता येत नव्हता, आणि या बाईला त्या घटकेला शब्द खटकला.

मुलगी वाचली. रात्रभर हॉस्पिटलात ठेवून दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी मंडळाचा निरोप सगळ्यांच्या फोनवर आला, की पाडव्याच्या कार्यक्रमात एका बालिकेची तब्येत किंचित बिघडली होती, ती आता छान आहे, सर्व स्वयंसेवकांचे आभार.

किंचित. मी तो निरोप वाचून फोन सोफ्यावर आपटला. नोकरीत असताना विम्याच्या ऑफिसात मी अशी इंग्रजी पत्रं ढिगानं पाहिली होती, जिथे माणूस मेलेला असतो आणि पत्रात ‘गैरसोय’ लिहिलेलं असतं. मला वाटायचं, हे फक्त इंग्रजीला जमतं.

बैठकीत काकांनी एकच मागणी केली, की ‘किंचित’ काढा आणि ‘मरता मरता वाचली’ असं लिहा, म्हणजे लोक कूट घालताना थांबतील. अध्यक्षबाई रडायला लागल्या. "मी मुद्दाम केलं का? तिनं चालत नाही म्हटलं. मला वाटलं, आवडत नसतील. पोरींची नाटकं असतात ना!" मग दहा जण त्यांना समजवायला उठले. ज्या पोरीचा श्वास थांबला होता तिच्या घरी तोवर दोघं गेले होते, काका आणि मी. मी टेबलावर हात आपटून हे सांगितलं. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, तुम्ही तरी शांत राहा." शेवटी एकमतानं असं ठरलं, की काकांनी कार्यक्रमात घबराट पसरवली, तेव्हा त्यांनी यापुढे स्वयंपाकघरात येऊ नये.

काका उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "एकमत नाही. वहिनींचा हात वर नव्हता." आणि गेले.

मुलीच्या आईनं मंडळात पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं होतं. पण पोरीला गणपतीच्या लेझीममध्ये नाचायचं होतं. तिच्या वर्गात एकही मराठी मूल नव्हतं आणि पाडव्याला रांगेत तिला दोन मैत्रिणी मिळाल्या होत्या. ती रोज विचारायची, आणि आई रोज उद्यावर ढकलायची. म्हणून एका दुपारी त्या दोघींना मी घरी बोलावलं, काकांनाही बोलावलं. पोरगी बाहेर लेझीम घेऊन उड्या मारत होती. आम्ही तिघं स्वयंपाकघरात.

काका म्हणाले, "समजा, मी अध्यक्षबाई. मला सांगा."

ती म्हणाली, "काकू, हिला दाण्यांची अ‍ॅलर्जी आहे."

"माझ्या मिस्टरांना पण आहे हो, धुळीची. शिंकतात नुसते. पुढे?"

"हिला खूप त्रास होतो."

"त्रास मुंग्यांचा होतो."

"म्हणजे... जिवावर बेतू शकतं."

"हे केशरी झालं. चमचाभरानं बेतत नाही, घे गं."

"काका, हिचं काही बरंवाईट झालं तर..."

"त्यात बरं काय होणार आहे?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही हो म्हणवत मला. पोटच्या पोरीबद्दल नाही म्हणवत."

"त्या दिवशी इंजेक्शन कसं टोचलंत?"

"ते हातानं केलं. हे तोंडानं..."

"माझ्या चिठ्ठ्या त्यांनी काढल्या. आता तुमच्या तोंडाशिवाय त्या पोरीजवळ काही नाही. पुन्हा सांगा. मी अध्यक्षबाई, हातात डाव आहे, माझं तुमच्याकडे लक्ष नाही."

"पुरे झालं, काका," मी म्हणाले. "आई आहे ती! तुमचं यंत्र नाही."

ते थांबले नाहीत. खुर्चीतून पुढे वाकले, आवाज बारीक काढला आणि अगदी अध्यक्षबाईंच्या लाडिकपणानं म्हणाले, "अगं घे गं, सणाचं ताट आहे, एवढ्यानं काय होतंय?"

ती उभी राहिली. ओट्यावरची वाटी खाली पडली. "मरेल!" ती किंचाळली. "मरेल ती! माझी मुलगी मरेल, समजत नाही का तुम्हाला कुणाला!"

बाहेरच्या लेझीमचा आवाज बंद झाला. काका मागे टेकले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते म्हणाले, "हेच. पण एवढ्या मोठ्यानं नको. एकदाच, आणि सरळ." मग माझ्याकडे न बघता त्यांनी वाटी उचलून बेसिनमध्ये ठेवली. मी त्यांना त्या दिवशी चहा दिला नाही. देणारच नव्हते.

गणपतीला ते आले, पण हॉलमध्ये यायला तयार नव्हते. "किंचित लिहिणाऱ्यांच्या घरी मी जेवत नाही," म्हणाले, आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले. मी आत गेले. लेझीम झाली, आरती झाली, रांग लागली. ती आई लेकीचा हात धरून टेबलाशी आली आणि अध्यक्षबाईंनी डाव उचलायच्या आत म्हणाली, "काकू, दाण्याचा कण पोटात गेला तर ही मरेल. कूट कशाकशात आहे ते आधी सांगा."

आवाज तसाच मऊ होता. पण रांग थांबली.

"अगं बाई, गणपतीसमोर असं..." अध्यक्षबाई म्हणाल्या.

"गणपतीसमोरच सांगतेय."

अध्यक्षबाईंनी टेबलाकडे पाहिलं, जणू काही ती भांडी त्या पहिल्यांदाच बघत होत्या. मग एकेक झाकण उचलायला लागल्या. "ही भाजी नको. चटणी नको. ही कोशिंबीर... थांब, ही कुणी आणलीय? अगं, हिच्यात कूट घातलंयस का? आठव ना नीट! कालवायचा डाव कुठे कुठे घातला?"  आठ-दहा बायका आपापल्या भांड्यांशी धावल्या. शेवटी कुठल्याच कालवलेल्या भांड्याची खात्री देता येईना. अध्यक्षबाई कोपरापर्यंत हात धुऊन आल्या, आतून न उघडलेलं वरणाचं पातेलं आणि भाताचा कुकर त्यांनी स्वतः आणला, नवा डाव काढला आणि पोरीला वाढलं. वाढल्यावर आईशी एक शब्द बोलल्या नाहीत.

माझ्यामागे कुणीतरी कुजबुजलं, "कसं बाई बोलवतं!"

मी वळून म्हणाले, "तुमच्यामुळे बोलावं लागतं." त्या बाई अजून माझ्याशी बोलत नाहीत.

मी बाहेर गाडीशी गेले. काच खाली केलेली होती, काका दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले होते. मला वाटलं, आता विचारतील, काय म्हणाली, कुठला शब्द वापरला, नेमकं सांगा. मी वाक्य पाठ करूनच आले होते.

"मुलगी जेवली?" त्यांनी विचारलं.

"वरणभात," मी म्हणाले. "आत्ता मैत्रिणींबरोबर पळापळी चाललीय."

त्यांनी मान हलवली आणि खिशातून रुमाल काढला. मी शाळेच्या मैदानाकडे बघत उभी राहिले. मग दार उघडून शेजारच्या सीटवर बसले. आत कुणीतरी आमच्या दोघांची ताटं वाढून ठेवली होती, पण हॉलमध्ये परत जायची इच्छा त्या दिवशी मलाही नव्हती.